आईनं सांगितलेलं तिसरं प्रकरण

गाडी यायला दहा मिनिटं होती आणि बॅग उचलताना माझ्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. माझी आई कासारीण. ती लेकीला तशा हातानं कशी जाऊ देणार? सेलूच्या फलाटावर, बाकड्यावर बसून तिनं पिशवीतून माझ्या मापाच्या, सव्वादोनच्या बांगड्या काढल्या, माझा अंगठा तळव्यात दुमडला आणि हात दाबत दाबत एकेक चढवली. बांगड्या भरून झाल्यावरही तिनं हात सोडला नाही. अप्पा तिकडे ओळखीचा दिसेल त्याला थांबवून सांगत होते, ‘पोरगी दिल्लीहून डॉक्टर होऊन येणार. सुईवाली नव्हे, पीएच.डी.वाली.’

सेलूत राहिलेल्यांनो आणि माझ्यामागून दिल्लीला आलेल्यांनो, मी डॉक्टर का झाले नाही ते तुम्ही अप्पांकडून ऐकलंच असेल. पोरीनं सरांशी भांडण केलं, असं ते सांगतात. आता माझ्याकडून ऐका.

डिग्री म्हणजे काय हे आपल्याकडे नीट कुणाला ठाऊकच नाही. बी.ए. पाठांतरावर निघते, एम.ए. वाचनावर. पीएच.डी.ला आधी प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, मग विषयाचा आराखडा, दर सहा महिन्यांनी समितीसमोर प्रगती दाखवायची, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा. मुदत सहा वर्षांची. आणि यातल्या प्रत्येक कागदावर एक सही लागते, गाइडची. ती नसेल तर तुम्ही कितीही लिहा, ते रद्दीच्या भावानं जातं.

माझे गाइड आपल्या शेजारच्या तालुक्यातले. अख्ख्या विभागात मराठी वाचणारे तेवढे एकच. अप्पांनी कुठून कुठून ओळख काढून त्यांना फोन केला होता आणि फोन ठेवल्यावर म्हणाले होते, ‘आपला माणूस आहे. आता घोर नाही.’ खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या भेटीत सरांनी विचारलं, ‘काय गं, सेलूची ना?’ आणि मला रडूच आलं. दिल्लीत तोवर कुणी मला ‘काय गं’ म्हटलं नव्हतं.

माझा विषय बांगड्या भरणाऱ्या बायकांचा. त्यांची विद्या, त्यांची बोली, घराघरांतून त्यांनी काय काय पाहिलं ते. तिसरं प्रकरण आईच्या मुलाखतीवर उभं होतं. आमच्या बांगड्यांच्या दुकानात बसून ती बोलली होती आणि मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यात ती म्हणते, ‘नव्या नवरीचा हात हातात घेतला की कळतं, ती राजीखुशीनं निघालीय का नाही. नको असेल तर हात मोडत नाही, लाकडावानी राहतो.’ ते वाक्य कागदावर उतरवताना मला माझा अभिमान वाटला होता. आईचा तर वाटलाच होता.

आता माझी चूक सांगते. आपल्याच लोकांकडून होणारी चूक आहे ही. विभागातल्या बाकीच्या पोरी आपापली प्रकरणं गाइडला मेल करायच्या. मला ते उद्धट वाटायचं. एवढ्या मोठ्या माणसाला कंप्यूटरवरून कागद धाडायचा, तोंडही न दाखवता? मी प्रिंट काढायची, दसऱ्या-संक्रांतीला सरांच्या घरी जायची, आणि ज्या पिशवीत आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, त्याच पिशवीत प्रकरण. पाया पडायची आणि दोन्ही त्यांच्या हातात द्यायची. आईचं रेकॉर्डिंगही असंच एका पेन ड्राइव्हमध्ये घालून देऊन आले. सर म्हणायचे, ‘समितीला इतक्यात दाखवू नकोस हं. दिल्ली आहे ही, लोक चोरतात.’ मी मान डोलवायची. अरे देवा, किती मनापासून डोलवायची!

मधल्या काळात सरांच्या पुस्तकाचं टायपिंगही मीच केलं. दोन प्रकरणांचं. बाकीची त्यांनी टाइप करायला दिली नाहीत, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

सहावं वर्ष संपत आलं. मुदतवाढीच्या अर्जावर सरांनी सही केली नाही. म्हणाले, ‘काम समाधानकारक नाही.’ त्याच महिन्यात पुस्तक आलं. मी ते लायब्ररीत उभ्यानं उघडलं. तिसरं प्रकरण माझं होतं. स्वल्पविरामासकट माझं. आईचं वाक्य होतं, आणि त्याच्या आधी लिहिलं होतं, ‘एका कासारणीनं मला सांगितलं.’ ऋणनिर्देशात माझंही नाव होतं, टंकलेखनासाठी.

मी तक्रार केली. समितीतल्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कोई मेल है क्या, बेटा? कोई डेट?’ माझ्याकडे काही नव्हतं. जुना फोन चोरीला गेला होता, त्यात मूळ रेकॉर्डिंग. लॅपटॉपवरच्या फाइली दाखवल्या, तर सर हसून म्हणाले की टायपिंग हिच्याकडेच होतं, फाइल हिच्याकडे असणारच. आणि वर, ‘मेरी बेटी जैसी है.’ त्या माणसाच्या तोंडून बेटी हा शब्द ऐकला आणि मी लॅपटॉप मिटला.

तरी सरांचं मी समजू शकते. अप्पांचं समजत नाही. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सरांना दुखवू नकोस, माफी माग. पुस्तकात नाव तर आलं ना आपलं?’ सरांनी माझं प्रकरण घेतलं. अप्पांनी माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतली. त्या दिवसापासून मी घरी फोन केला नाही, आला तर दोन वाक्यांत ठेवला.

आता मी गाझियाबादला राहते आणि गुरुग्रामला नोकरी करते. मेट्रोत दिवसाचे तीन तास जातात. ऑफिसात काम काय, तर कुठल्या डिग्रीला काय लागतं ते पालकांना फोनवर समजावून सांगायचं. हो, हसा. बिल्कुल हसा. दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा नाव नोंदवलंय, कोर्सवर्क पुन्हा पहिल्यापासून. नव्या गाइड बंगाली आहेत, मराठीचं अक्षर त्यांना येत नाही. त्यांना मी सगळं मेल करते.

या दिवाळीला घरी गेले. अप्पांनी ते पुस्तक मागवून घेतलं होतं. फराळाला येईल त्याला माझ्या नावाचं पान उघडून दाखवत होते, नावाखाली लाल रेघ. मी आत निघून गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुस्तक घेऊन दुकानात बसली. ती बोट ठेवून ठेवून वाचते. खूप वेळानं तिनं मला हाक मारली. अप्पाही तिथंच होते.

‘वैशू, हे मी तुला सांगितलं होतं. ह्या पुस्तकवाल्या सरांना कधी सांगितलं?’

अप्पांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि काउंटरखाली रद्दीत टाकलं. मग मला म्हणाली, ‘फोन काढ. पुन्हा सांगते.’

या वेळी तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, वार सांगितला, आणि म्हणाली की हे मी माझ्या मुलीला सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही. मग तेच सगळं, नवरीच्या हातापर्यंत. तिथं ती थांबली. मला वाटलं संपलं, म्हणून मी फोनकडे हात नेला.

‘राहू दे चालू,’ ती म्हणाली. ‘दिल्लीला धाडताना फलाटावर हिच्या हातात बांगड्या भरल्या. हात मोडत नव्हता. मला कळलं होतं, पोर भ्यालीय. मी गप्प राहिले, दाबून भरल्या आणि गाडीत बसवलं. ही माझी चूक. हेही लिही.’

दुकानातूनच मी ते नव्या गाइडना मेल केलं. घर कुठंय असं कुणी विचारलं, तर मी अजून सेलू सांगते. तिथं एक बाई आहे, जिला माझी भीती पहिल्या दिवसापासून माहीत होती. आणि तिचं हे शेवटचं बोलणं सरांच्या पुस्तकात नाही.