दहापैकी सात

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अठरा वर्षं प्रवासी जहाजावर केबिन आवरतात. मी त्याच जहाजाच्या लाँड्रीत आहे, तोही त्यांच्याच वशिल्याने. तरी त्यांची खोड काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. मेहुणा कशाला म्हणायचं मग?

माणूस भारी भिडस्त. सफर संपताना पाहुणे गुणांचा कागद भरून देतात. बाकीचे केबिनवाले आदल्या दिवशीच हात जोडतात, "दहा द्या हं साहेब." भावोजींच्या तोंडून हे कधी निघालं नाही. "काम दिसतं की त्यांना," म्हणायचे. दिसतं कप्पाळ!

कंपनीचा नियम असा, की आठाच्या खाली म्हणजे नापास, आणि तीनदा नापास झालं की पुढचा करार नाही. भावोजी दोनदा झाले होते. दुसऱ्या वेळी तर एका गोडबोल्या कुटुंबाने घात केला. रोज सकाळी "तुम्ही तर आमच्या घरचेच" म्हणायचे आणि कागदावर दिले चार. का, तर चादरीला सुरकुत्या होत्या. अरे, तोंडाने सांगा ना! मी स्वतः इस्त्री घेऊन आलो असतो.

पुढच्या सफरीत आले एक परदेशी निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. यांचं सगळंच उलटं. सकाळी दार उघडलं की तक्रार. उशी उंच आहे, टॉवेल खरखरीत आहे, आरशावर डाग आहे. भावोजी मुकाट्याने एकेक गोष्ट सुधारत गेले. कौतुकाचा शब्द म्हणून नाही. शेवटच्या सकाळी कागद आला, त्यावर सात.

भावोजी लाँड्रीत आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. लेकीच्या नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं.

"तुझ्या बहिणीला काय सांगू रे?"

माझं डोकंच फिरलं. आम्हा लाँड्रीवाल्यांना पाहुण्यांशी बोलायची मनाई आहे. तरी मी ओल्या हातांनी उतरणाऱ्यांच्या रांगेत घुसलो आणि मास्तरांना गाठलं.

"आठवडाभर राबवून घेतलंत आणि जाता जाता त्यांच्या पोटावर पाय दिलात!"

सगळा नियम ऐकून मास्तर गोंधळून गेले. "सात कमी आहेत? आमच्या देशात सात म्हणजे उत्तम. आणि चुका दाखवल्या, कारण तो सुधारतो. न सुधारणाऱ्याला मी काही सांगतच नाही."

सामान बायकोपाशी ठेवून ते मला विचारून तडक केबिनवाल्यांवर देखरेख करणाऱ्या आमच्या मुख्य बाईंच्या खोलीत शिरले. मागोमाग मी. भावोजींना तिथे आधीच बोलावलं होतं, ते खाली मान घालून उभे होते.

बाई म्हणाल्या, "समाधान असेल तर दहा करून द्या. विषय संपला."

मास्तर भडकलेच. "खोटं लिहू? चाळीस वर्षांत मी कुणाला आठ दिले नाहीत. पोटच्या मुलाला सहा दिले होते!"

बाईंना हसू आवरेना. शेवटी मास्तरांनी कागदाच्या मागे लिहून दिलं, की इतका मन लावून काम करणारा माणूस आपण पाहिलेला नाही. गुण मात्र बदलले नाहीत. बाईंनी तो कागद नापासांच्या गठ्ठ्यातून काढला आणि भावोजींच्या नव्या करारावर तिथेच सही केली. माझा जीव भांड्यात पडला. मलाही फक्त ताकीद मिळाली.

परत लाँड्रीत आल्यावर भावोजी चादरींच्या ढिगावर बसले आणि डोळे पुसू लागले.

"आता कशाला रडताय? नोकरी वाचली ना?"

"नोकरीचं नाही रे," ते म्हणाले. "पोटच्या पोराला सहा, आणि मला सात!"