गुरू चाचांच्या घरी न्यायचा होता

जे काम पहिल्या झटक्यात होतं, त्याचा किस्सा होत नाही. आमच्या कामाचे किस्से एवढे झालेत, त्यावरून ते काम कसं झालं असेल ते तुम्हीच ओळखा! आजही टपरीवर कुणी नुसतं 'वायर' म्हणायचा अवकाश, चहा नाकात जातो.

काम म्हटलं तर साधं. आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, दुर्बीण आहे. तिला कॅमेरा लावायचा आणि त्यातलं चित्र रहीमचाचांच्या घरातल्या कॉम्प्युटरवर दाखवायचं. चाचांचं घर पाळीच्या दुसऱ्या टोकाला. बस, एवढंच!

रहीमचाचा म्हणजे आमचे चष्मेवाले. दुर्बिणीचा आरसा त्यांनी ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं घासला. काचेवर काच, वर्षभर. दुकान बंद केलं की घास, जेवण झालं की घास. चाची म्हणायच्या, "एवढं निरखून तर यायनं मले बी कधी पाह्यलं नाई!"

आरसा नळीत बसला आणि पहिल्यांदा त्यातून बघायला निघाले, तर चाचा पाळीवरच घसरले. खुबा मोडला. पुढे त्या आरशातून सगळ्या गावानं गुरू पाहिला, त्याचे चार चंद्र पाहिले. ज्यानं आरसा केला त्यानंच पाहिला नाही.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चाला. पण चाचा उंबऱ्याबाहेर पाय टाकेनात. दुकानाचं शटर खाली, तोंड भिंतीकडे. मी म्हटलं, चला, खुर्चीत बसवून उचलून नेतो. तर भडकले. "मी काय धानाचं पोतं हाव का बे?"

मग मीही हट्टाला पेटलो. चाचा गुरूकडे जात नाहीत ना, गुरूला चाचांकडे आणू! उन्हाळा संपता संपता गुरू पश्चिमेच्या झाडांमागे जाणार होता, म्हणजे वेळही फार नव्हता.

*

पहिला पराक्रम माझाच. गावात टीव्हीची केबल टाकायचा माझा धंदा. "गावभर सिग्नल फिरवतो मी, ह्या कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात!" असं म्हणून चंद्रपूरहून यूएसबीच्या वायरी आणल्या, एकीला एक जोडत पार चाचांच्या खोलीपर्यंत नेल्या. कॉम्प्युटर ढिम्म. कॅमेरा जोडलाच नाही म्हणतो!

दोन दिवस मी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. मग कळलं, ही वायर थोड्या अंतरापुरतीच असते. चार-पाच मीटर गेली की सिग्नल लंगडायला लागतो, पुढे जातच नाही.

चाचा पलंगावरून म्हणाले, "म्हंजे तिचा बी खुबा मोडला म्हना ना!"

पडल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. मी मनात म्हटलं, आता तर हे काम सोडायचंच नाही.

*

सल्ले द्यायला सगळं गाव. "मोबाईलवरून दाखवा ना, वायर कायले पायजे?" करून पाहिलं. पाळीवर रेंज नाही. रेंज सापडली ती तलावात, गुडघाभर पाण्यात.

तलावाची मासेमारी सांभाळणारे देवाजीभाऊ आमच्या दुर्बीणवाल्या मंडळाचे दुसरे खांब. ते फोन घेऊन पाण्यात उभे राहिले. मी दुर्बिणीला लावलेल्या लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. चाचांना फोन लागला, व्हिडिओही लागला!

"दिसला का चाचा?"

"दिसला. पन हा गुरू नाई, देवाजी हाये. लुंगी ओली झाली त्याची."

*

शेवटी शहाणपण सुचलं. लॅपटॉप दुर्बिणीपाशीच ठेवायचा, कॅमेऱ्याची वायर आखूड, आणि लॅपटॉपपासून चाचांच्या घरापर्यंत इंटरनेटवाली जाड वायर. मध्ये मासेमारी सोसायटीच्या खोलीत वीज होती, तिथं सिग्नलला दम खायला एक डबी बसवली. आवाजही त्याच वायरीतून येणार होता.

पहिल्याच संध्याकाळी चित्र आलं! मी पाळीवरून धावत चाचांकडे गेलो. पडद्यावर पांढरा, फुगलेला, धुरकट गोळा.

चाचांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. "अरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी हे रोज फुकट पाह्यत होतो!"

फोकस उद्या करू, असं ठरलं.

*

तो उद्या काही आला नाही. वायर जमिनीवर होती आणि गुरांच्या पायात येत होती. देवाजीभाऊ म्हणाले, "मोहाखाली पानं पडून राह्यली हायेत. त्यानं झाका, कोनाले दिसनार नाई." बरोबर! आम्ही वायर पानांनी अशी झाकली, की आम्हालाही दिसेना.

महिना कोणता? मोहफुलाचा! फुलं वेचायला जमीन साफ हवी, म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हा दोघांना नेमकं त्याच दिवशी आठवलं नाही. आणि ती मोहाची झाडं कुणाची? देवाजीभाऊंचीच!

त्यांच्या कौसल्याबाईंनी सकाळी पाला पेटवला. मी वास घेत धावत गेलो. "वहिनी, वायर होती ना खाली!"

"पानात काई दिसली नाई बापा," त्या टोपली टेकवत म्हणाल्या. "जळल्यावर दिसली."

रात्री चाचा म्हणाले, "राहू द्या आता. माह्या नशिबात तो आरसा घासनंच होतं." ते चिडून म्हणाले असते तर चाललं असतं. ते शांतपणे म्हणाले. सकाळी देवाजीभाऊ कुऱ्हाड घेऊन आपल्या बांधावरचे बांबू तोडायला गेले.

*

नवी वायर जमिनीवर नाहीच ठेवायची! देवाजीभाऊंनी पाळीभर बांबू रोवले आणि कमरेच्या उंचीवर जाळ्याचा जाड दोर ताणला. "वायरीवर वजन नाई पडलं पायजे. वजन दोर घेईल." दोराच्या कडेनं वायर बांधली. काम एकदम पक्कं.

इतकं पक्कं, की तिसऱ्या दिवशी त्याच्यावर ओली जाळी वाळत घातलेली! जाळ्यांच्या पुढे लुगडी, लुगड्यांच्या पुढे कुणाची तरी गोधडी. मी ओरडायला लागलो, तर कौसल्याबाई म्हणाल्या, "एवढी चांगली दोरी कोनी रिकामी ठेवते का?"

देवाजीभाऊंनी दोर हलवून पाहिला. तसूभरही वाकला नव्हता. "वाळू द्या," ते म्हणाले. "तपासनी झाली."

*

आणि ती संध्याकाळ. गुरू झाडांच्या शेंड्यांवर आला होता. आणखी थोड्या दिवसांनी दिसलाच नसता. मी दुर्बिणीपाशी, देवाजीभाऊ माझ्या बाजूला, चाचा घरी पडद्यासमोर. लॅपटॉपमधून त्यांचा आवाज येत होता.

"गज्या, फोकस डावीकडं. अजून. अजून... थांब! अरे थांब म्हटलं ना!"

"थांबलो चाचा!"

"गेलं पुढं! उजवीकडं घे. हळू. चंद्र दिसून राह्यले... दोन... तीन... थांब! काऊन नाई थांबत बे?"

आता माझा काय दोष? लॅपटॉप जुना, चित्र तिकडे उशिरा पोचायचं. चाचा 'थांब' म्हणेपर्यंत माझा हात पुढे गेलेला. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. चाचांचा आवाज चढत गेला.

"वर्षभर घासला तो आरसा! आन् तू... सरक तिथून! हात नको लावू!"

मग एकदम शांत. मी हाका मारल्या. "चाचा? ओ चाचा!" तिकडून काहीच नाही.

"वायर गेली," देवाजीभाऊ म्हणाले.

गुरू खाली चालला होता. मी टॉर्च घेतला आणि वायर कुठं तुटली ते बघत, बांबूंच्या कडेनं निघालो. एक जोड पाहिला, ठीक. सोसायटीच्या खोलीतली डबी पाहिली, दिवा लुकलुकत होता. वायर कुठंच तुटली नव्हती. आणि तेवढ्यात हातातला दोर हलला.

पाळीच्या वळणावर टॉर्च मारला. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं दोर घट्ट धरलेला, वाटेतली जाळी एकेक बाजूला सारत चाचा येत होते. मागे चाची, अनवाणी, दोन्ही हात पुढे धरून.

"उजेड डोळ्यावर नको मारू," चाचा म्हणाले.

मी बाजूला झालो. देवाजीभाऊंनी स्टूल पुसून पुढे केलं. चाचा दुर्बिणीपाशी पोचले, धापा टाकत उभे राहिले, आरशाच्या नळीवरून एकदा हात फिरवला. मग वाकून बघायला गेले आणि डोळा लावायच्या जागी आमचा कॅमेरा.

"हे काय ठोकून ठेवलं इथी?" ते माझ्यावर खेकसले. "काढा आधी!"