टाकी झाल्यावर बोलू

बोपचे मामाजींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, तर मांडीवर पेट्रोलचा डबा घेऊन बसावं लागे. पूर्वी कधीतरी खाण्याच्या तेलाचा असलेला पांढरा प्लास्टिकचा डबा. झाकणाला दोन भोकं. एकातून रबरी नळी आत सोडलेली, दुसरं बारीक, हवा जायला. ती नळी माझ्या पायांजवळून, डॅशबोर्डखालच्या भोकातून इंजिनाकडे गेलेली. गाडीची खरी टाकी मागे होती, पण ती आतून पार गंजली होती आणि तिच्या बुडाला भोक पडलं होतं. म्हणून गाडीचं पोट माझ्या मांडीवर. निघताना मामाजी एकदा डब्याकडे बघत, एकदा माझ्याकडे, आणि म्हणत, "सरळ धरजो, सूनबाई. अन् झोपजो नोको." हे सांगताना झोप त्यांच्याच डोळ्यांत असे.

लग्न होऊन दवनीवाड्याला आले तेव्हापासून ते आमचे शेजारी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि सासऱ्याच्या वयाच्या शेजाऱ्यालाही. म्हणून ते मामाजी आणि त्यांची बायको मामीजी. उंच, पाठीत किंचित वाकलेले, बंडीच्या खिशात स्क्रू पिळायचा पेचकस आणि विड्यापानाची डबी एकत्र ठेवणारे. थोडी धानाची शेती होती, ती करत. बोलणं कमी. धानाला कीड लागो, जावई रुसो, गुडघा दुखो, कोणी विचारलं की उत्तर एकच, "चालून रायलं ना, मंग झालं."

गाडी त्यांनी कधीकाळी जुनीच घेतली होती, लग्नसराईत भाड्यानं द्यायला. गावातल्या कितीतरी नवरदेवांना त्यांनीच मांडवापर्यंत पोचवलं. पुढे घरोघरी गाड्या आल्या, तेव्हा ती गोठ्याशेजारच्या टिनाखाली उभी राहिली ती उभीच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. टाकीत तळाला थोडं पेट्रोल तसंच राहिलेलं, वर सगळी पोकळी, आणि पावसाळ्यामागून पावसाळे. त्या पोकळीत ओल धरून टाकी आतल्या आत गंजत होती, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग मामीजींच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी गोंदियाच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. सुरुवातीला दोघं एसटीनं जात. पण मशीनवरून उठल्यावर मामीजींच्या पायांत उभं राहायचं त्राणच नसे. एका शुक्रवारी गर्दीत बसायला जागा मिळाली नाही, आणि त्या चालत्या एसटीत खालीच, लोकांच्या पायांशी बसल्या. त्या दिवशी मामाजींनी घरी येऊन कोंबड्या हाकलल्या आणि गाडी बाहेर ढकलली. नवी बॅटरी, टायर, थोडी खटपट. गाडी चालू झाली. मी शिकवते ती शाळा गोंदियात, त्याच रस्त्यावर. त्या दोन दिवशी मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. मागच्या सीटवर मामीजी आडव्या, डोक्याखाली उशी.

पहिल्याच आठवड्यात गाडी भर शेतांमध्ये बंद पडली. मामाजींनी बॉनेट उघडलं, पेट्रोलचा छोटा फिल्टर काढून हातावर घेतला. आत चहाच्या चोथ्यासारखा तांबडा गाळ. त्यांनी तो तोंडाला लावला, उलट्या बाजूनं जोरात फुंकला, गाळ उडवला, थुंकले, बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली आणि फिल्टर परत बसवला. गाडी पाच-सहा किलोमीटर चालली की पुन्हा तेच. मागून मामीजी म्हणाल्या, "माह्या रक्ताले गाळाले मशीन लागते, तुमच्या गाडीले बी लागते. घरात एक तं धड ठेवाचं होतं." मामाजी हसले नाहीत. पुढच्या थांब्यावर मात्र फिल्टर फुंकायच्या आधी काचेतून मागे बघून म्हणाले, "चालून रायली ना?" मामीजींनी हात हलवला.

गोंदियाच्या मेकॅनिकनं टाकी ठोकून पाहिली आणि हिंदीत निकाल दिला, "काका, अंदर से गल गई है. दूसरी ढूंढो. मिलेगी नहीं, फिर भी ढूंढो." मामाजींनी भंगारवाले पालथे घातले. त्या गाडीची टाकी कुठेच नव्हती. होती ती याहून वाईट. मग गंजाचा एक पापुद्रा सुटला आणि बुडातून पेट्रोल ठिबकायला लागलं. त्यांनी कपडे धुण्याचा साबण भोकात दाबून बसवला. साबण आठवडाभर टिकला. त्यानंतर आला तो माझ्या मांडीवरचा डबा.

डबा धोक्याचा आहे हे तिघांनाही कळत होतं. कोणी बोलत नव्हतं. एकदा रेल्वे फाटकाजवळ अचानक ब्रेक लागला, डबा कलला, आणि हवेच्या भोकातून पेट्रोल माझ्या साडीवर सांडलं. फाटक बंद होतं म्हणून गाडी थांबलेली, मी साडी झटकते आहे, तेवढ्यात एक माणूस सालेकशाचा रस्ता विचारायला खिडकीत वाकला. त्याच्या ओठांत पेटलेली विडी. मामाजींनी माझ्या समोरून हात लांब केला, त्या माणसाच्या तोंडातली विडी मुठीत धरली आणि तशीच मूठ मिटली. मग त्याला शांतपणे रस्ता सांगितला. फाटक उघडल्यावर गाडी पुढे नेली, एका हातानं, कारण दुसरा भाजला होता. गोंदिया येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "शाळेत जाऊन लुगडं बदलून घेजो, बाई."

माझ्या नवऱ्याला, नरेशला हे कळल्यावर तो संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेला. मीही गेले. नरेशनं सांगितलं की टाकी नीट करा, नाहीतर ही गाडी बंद करा; एक दिवस तिघंही जळाल. मामाजी खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "टाकी उतरवाची तं मागचं सारं खोला लागते, गाडी दिवस दिवस उभी राह्यते, नरेश. मधात वारी चुकली तं हिचं अंग सुजते, दम लागते. मी कवा उतरवू?" वारी हा त्यांचाच शब्द, मशीनच्या दिवसासाठी. विचारण्यात तक्रार नव्हती. उत्तर हवं म्हणून विचारावा तसा प्रश्न होता तो. मंगळवार गेला की बुधवारी ते शेतावर जात, गुरुवारी औषधं आणि पथ्याचं सामान, शुक्रवारी पुन्हा रस्ता. ते कुठेही झोपत. दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर पेट्रोल पंपावर रांगेत उभ्याउभ्या, गाडीच्या टपाला डोकं टेकून.

शेवटी असं ठरलं की शुक्रवारी परत आल्याबरोबर टाकी उतरवायची आणि मंगळवारच्या आत काहीही करून परत चढवायची. धान कापून झालं होतं, नरेशलाही सवड होती.

त्या शनिवारची सकाळ मला अजून दिसते. टाकी साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन अंगणात ठेवलेली. मामाजींनी नाल्यातले गोटे आणि विहिरीच्या रहाटाची जुनी साखळी तिच्यात टाकली, तोंड चिंध्यांनी बंद केलं. मग एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं नरेश, असे टाकी हलवू लागले. आत साखळी आणि गोटे घासून गंज सुटावा म्हणून. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून गेली. थोड्या वेळानं टाकी उलटी केली की तांबडं पाणी आणि पापुद्रे. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. नरेश दमून बसला तरी मामाजी एकटे टाकी मांडीवर घेऊन डोलवत राहिले. मामीजी उन्हात खाटेवर पडून बघत होत्या. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा.

मध्येच त्या म्हणाल्या, "आयकून घ्या जी जरा." मामाजींचे हात थांबले. मामीजी म्हणाल्या, "कायले करून रायले हे? मले आता नाही जाचं तिथं. पुरे झालं. घरीच राहू द्या मले."

अगदी साधेपणानं म्हणाल्या, चहा नको म्हणावं तसं. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि टाकी हलवायला सुरुवात केली, आधीपेक्षा जोरात. त्या आवाजात मामीजींचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. टाकी थांबली तेव्हा त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, "पुरे करा." मामाजी टाकीच्या तोंडात डोळा घालून बघत होते. तसेच बघत म्हणाले, "टाकी झाल्यावर बोलू."

दुपारी त्यांना हाक मारायला गेले, तर टाकीला पाठ टेकून ते झोपलेले. हात कोपरापर्यंत तांबडे. मी उठवणार, तर मामीजींनी बोटानं नको म्हटलं. "झोपू दे, बाई," त्या म्हणाल्या, "मशीनवर मी पडतो, पण अंगातलं पाणी यायचंच आटून रायलं."

रविवारभर गंज काढायचं औषध टाकीत भरून ठेवलं. सोमवारी गोंदियातल्या एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. पेट्रोलच्या टाकीला आग लावायला तो सुरुवातीला तयारच होईना. मग त्यानं ती पाण्यानं गळ्यापर्यंत भरायला लावली, भोक तेवढं वर ठेवलं आणि कथलाचा डाग देऊन ते बुजवलं. संध्याकाळी टाकी कोरडी करून चढवली. रात्रीतून पुन्हा गंज धरू नये म्हणून मामाजींनी लगेच पेट्रोलनं पूर्ण भरूनही घेतली.

मंगळवारी मी पहिल्यांदा मोकळ्या मांडीनं पुढच्या सीटवर बसले. गाडी दवनीवाड्याहून निघाली ती दवाखान्याच्या दारात जाऊन थांबली, मध्ये कुठेच नाही. मामाजींच्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. खांदे मात्र खाली आले होते. गाडी लावायला ते गेले, तेव्हा मामीजींना धरून आत नेताना मी विचारलं, मग, बोलणं झालं का तुमचं? त्या म्हणाल्या, "एवढं केलं त्यायनं. आता कोण्या तोंडानं नाही म्हणू?"

त्या हिवाळाभर जात राहिल्या. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. मामीजींचं बोलणं कमी होत गेलं, उशी उंच होत गेली. मी पुढे बसून वह्या तपासायची. दोघांपैकी कोणीतरी बोलेल असं मला दर वेळी वाटे. मोहफुलं पडायच्या दिवसांत, एका गुरुवारी सकाळी, मामाजी चहा घेऊन गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. दुसऱ्या दिवसासाठी उशीची खोळ धुऊन दोरीवर घातलेली होती.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मामाजी झोपले. जेवायला उठत, पुन्हा झोपत. सालेकशाची त्यांची मुलगी, वंदना, घाबरून डॉक्टरला घेऊन आली. डॉक्टर म्हणाले, काही नाही, झोपू द्या. मी जेवणाचा डबा घेऊन जायची तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेले असत. इतक्या वर्षांत मी त्यांना आडवं असं कधी पाहिलंच नव्हतं. मग एक दिवस गेले तर ते अंघोळ करून, केस विंचरून ओट्यावर बसलेले. म्हणाले, "झाली झोप."

वंदना त्यांना सालेकशाला न्यायला आली. गाडी तिच्या नवऱ्यानं चालवायची ठरली. सामान फारसं नव्हतंच. वंदना घराला कुलूप लावत होती, जावई डिकीत गाठोडी ठेवत होता. मामाजी माझ्याजवळ अंगणात उभे होते. तिथली माती अजून तांबूस होती. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, मामाजी, तुम्ही मामीजींसाठी खूप केलंत, कोणी एवढं करत नाही.

त्यांनी पायानं ती तांबूस माती सारखी केली. मग म्हणाले, "टाकी तं झाली होती, सूनबाई. सोमवारीच झाली."

मला आधी कळलं नाही. ते पुढे बोलले, हळू, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे. "थकली होती, तिनं सांगतलं. मी बी थकलो होतो, मी नाही सांगतलं. सांगतलं असतं तं दोघंही घरीच बसलो असतो." गाडीकडे बघत म्हणाले, "त्याचंच भेव वाटे मले."

जावयानं हॉर्न दिला. मामाजी गाडीकडे गेले, पुढचं दार उघडलं, मग बंद केलं, आणि मागचं दार उघडून आत बसले. वंदना पुढे बसली. गाडी वळणावरून गेली तेव्हा मागच्या काचेत त्यांचं डोकं दिसत होतं, सरळ, जागं.