सुभेदारांचं मत

सुभेदार गहिनीनाथ पठारे आमदारकीला उभे राहिले, तेव्हा पिंपळदऱ्यात कुणालाही हसू आलं नाही. मला काळजी वाटली ती त्यामुळेच. गाव ज्याला हसतं, त्याला निदान गंमत म्हणून तरी मतं पडतात. सुभेदारांना गाव मान द्यायचं. ते रस्त्याने आले की पारावर बसलेले लोक पाय खाली सोडायचे आणि ते गेले की पुन्हा वर घ्यायचे.

मी त्या गावात शाळामास्तर होतो. सुप्याहून आत सात-आठ मैलांवर गाव, एसटी येईल त्या दिवशी येणार. मास्तराने राजकारणात पडू नये असा सरकारी नियम होता आणि माझा स्वभावही भित्राच. त्यामुळे मला बघायला मात्र भरपूर मिळालं.

सुभेदारांची नोकरी चोवीस वर्षांची. पासष्टच्या लढाईत डाव्या खांद्यात घुसलेला लोखंडाचा तुकडा तसाच होता. कुणी विचारलं तर "लागलं हुतं" एवढंच सांगायचे. सत्तर साली पेन्शन घेऊन आले, अंगणाच्या कडेच्या दगडांना चुना फासला आणि पहिल्याच आठवड्यात गोजरबाईंना, म्हणजे बायकोला, चूल दुसऱ्या भिंतीला घ्यायचा हुकूम सोडला. चूल हलली नाही. त्यानंतर त्यांनी घरात हुकूम सोडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोन वर्षं पाऊस दगा देत होता. गावाच्या वरच्या अंगाला ओढा होता आणि तिथे पाझर तलाव झाला तर विहिरी जगतील, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तालुक्याचे पुढारी आबासाहेब एकाहत्तरच्या चंपाषष्ठीला खंडोबाच्या दर्शनाला आले आणि म्हणाले, "तलाव पिंपळदऱ्यालाच. पण निवडणूक तोंडावर आलीय. गावाचं एकसुद्धा मत फुटता कामा नये."

आमच्याकडे अशा वेळी कागदावर सही करत नाहीत. सहादेव गुरवाने ताटात बेलाची पानं आणि भंडारा आणला आणि देवासमोर ठेवला. एकेका बाप्याने पुढे व्हायचं, चिमूटभर भंडारा आणि बेल हातात घ्यायचा, मत आबासाहेबांनाच असं म्हणायचं आणि भंडारा कपाळाला लावायचा. बेलभंडार उचलला की विषय संपला. त्यावर कोर्टही नाही आणि अपीलही नाही. सगळ्यात आधी पुढे झाले ते सुभेदार. तलाव गावाला हवा होता आणि शपथ घ्यायची त्यांना सवय होती.

तलावाच्या आखणीसाठी ओढ्यावर मारलेल्या चुन्याच्या रेघा पौषात वाऱ्याने उडून गेल्या आणि नव्या रेघा पडल्या त्या थेट आबासाहेबांच्या व्याह्यांच्या गावाला. सुभेदार सायकलवरून तालुक्याला गेले. आबासाहेबांनी त्यांना चहा पाजला, लढाईच्या गप्पा मारल्या आणि "पुढच्या साली बघू" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. निशाणी मिळाली सायकल. तेवढी एक गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली.

मी त्यांना विचारलं, "अहो सुभेदार, तुम्ही तर भंडारा उचललाय. मग उभे कसे राहता?"

"मत कुणाला द्याचं ते उचललंय, मास्तर. उभं राहनार न्हाई असं कुटं म्हनलोय?"

मला हसू आलं, पण ते अजिबात हसत नव्हते.

त्यांच्या प्रचाराची तऱ्हाच वेगळी. पहाटे निघायचे आणि दिवसाला चार-पाच गावं करायचे. पाराजवळ सायकल लावायची, ताठ उभं राहायचं आणि सांगायचं, "मी सुभेदार पठारे. निशानी सायकल. वड्याचं पानी अडवायचंय." एवढं बोलून पुढच्या गावाला. लोक भाषण सुरू व्हायची वाट बघत बसून राहायचे, आणि इकडे सुभेदार शिवेपलीकडे गेलेले असायचे. बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकली होती, फौजी म्हटलं की लोक पाणी आणून द्यायचे. ढाक्याचं काही सांगा म्हणायचे. दुसरा कुणी असता तर त्याने ढाका एकट्याने घेऊन दाखवला असता. हे म्हणायचे, "मी न्हवतो तितं. पेन्शनीत हुतो." आणि सायकलवर टांग मारायचे. त्यांच्या खरेपणाचा मला कधीकधी संताप यायचा.

पण खरी अडचण घरचीच होती. तालमीत गावातले बापे जमले आणि सहादेवने सगळ्यांच्या वतीने सांगितलं, "सुबेदार, तुमी आमचं मानूस. पर भंडारा उचाललाय. आबासायबानं सबूद मोडला म्हनून आपला सुटत न्हाई. आपला देवापाशी हाय."

"खरं हाय," सुभेदार म्हणाले. "मोडायचा न्हाई."

उमेदवारच असं म्हटल्यावर पुढे बोलणार काय? सभा तिथेच संपली.

ते घरी आले, तेव्हा गोजरबाई भाकरी थापत होत्या आणि मी ओट्यावर पेपर वाचत होतो. सुभेदार म्हणाले, "आपल्या गावातून एक बी मत न्हाई."

गोजरबाईंचा हात थांबला. "गावातून म्हंजी कुनाचं न्हाई?"

"समद्यांनी भंडारा उचाललाय."

"समद्यांनी कुटं? बाप्यांनी उचाललाय. आमाला पायरीखाली हुबं केल्तं. ताट आमच्याम्होरं आलंच न्हाई."

आपल्या बायकोला मत आहे ही गोष्ट सुभेदारांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा सुचली असावी. त्यांनाच कशाला, मलाही सुचली नव्हती, आणि मी तर नागरिकशास्त्र शिकवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून प्रचार गोजरबाईंच्या हातात गेला. सुप्याच्या बाजूला दुष्काळी काम चालू होतं. गावोगावच्या बायका रस्त्याकडेला खडी फोडायच्या. गोजरबाई त्यांच्यात बसायच्या, हातोडी मागून घ्यायच्या आणि खडी फोडता फोडता बोलायच्या. "पानी कोन आनतं घरात? बापे आनत्यात व्हय? मंग मत बी आपलंच." सुभेदार थोड्या अंतरावर सायकल धरून उभे असायचे. आक्काबाई नावाची आमच्याच गावची सत्तरीची म्हातारी म्हणाली, "आजवर मालक सांगत्याल तितं शिक्का मारला. आवंदा त्यो देवाला बांधलाय, मी मोकळी हाय." एकदोघा नवऱ्यांनी आरडाओरडा केला, पण बाकीच्यांना बरंच वाटलं. देवाचंही राहत होतं आणि घरातलं एक मत सुभेदारालाही जात होतं.

महिनाभरात गोजरबाईंच्या टाचा फुटल्या, आवाज बसला. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. चोवीस वर्षं नवरा कधी सरहद्दीवर, कधी आणखी कुठे. बाईने शेती केली, सासू-सासऱ्यांचं केलं आणि दोन मुलींची लग्नं लावली. आता पहिल्यांदाच दोघं मिळून काहीतरी करत होती.

मार्चात मतदान झालं, आमच्याच शाळेत. बायकांची रांग दारातून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेली होती. पुरुषांच्या रांगेत सुभेदार इस्त्रीचा सदरा घालून उभे होते, आपली पाळी आल्यावर आत गेले आणि बाहेर आले. त्यांना तुमचं मत कुणाला म्हणून कुणी विचारलं नाही. उमेदवाराला असं कोण विचारतं?

निकाल नगरला लागला. आबासाहेब दणदणीत निवडून आले आणि सुभेदार तिसरे. पण तिसरा आलेला माणूस एवढी मतं खातो हे तालुक्याने प्रथमच बघितलं, त्यामुळे घरात सुतक वगैरे काही नव्हतं. संध्याकाळी मी भेटायला गेलो तेव्हा सहादेव बसला होता, आक्काबाई होत्या आणि गोजरबाई सगळ्यांना गुळाचा चहा देत होत्या. चार बायका चार गावांची नावं घेऊन कुठे किती पडली असतील याचे अंदाज करत होत्या.

सहादेव जरा घुटमळला आणि म्हणाला, "सुबेदार, आता सांगाया हरकत न्हाई. मी बी सायकलीवरच शिक्का मारला. ऱ्हावलं न्हाई. देवाच्या पाया पडलो, चुकलं म्हनलं. तालमीतल्या निम्म्यांनी तसंच केलंय." आणि हसून पुढे म्हणाला, "तुमी सोता तर मारलाच आसल!"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. "मी भंडारा उचालला हुता. आबासायबाला दिलं."

मला वाटलं सहादेव हसेल, पण त्याने मान खाली घातली. गोजरबाईंनी कप खाली ठेवला.

"आबासायबाला दिलं?"

"सबूद हुता."

"म्हैनाभर मी उनात खडी फोडीत फिरले. तुमी सायकल धरून हुबे हुता. आन् तवाबी तुमच्या मनात ह्येच हुतं?"

"तू मोकळी हुतीस, गोजर. मी बांधल्याला हुतो."

गोजरबाईंचा बसलेला आवाज चढला नाही. उलट खाली आला. "चोवीस वर्सं मी हितं ऱ्हायले. पासष्ट साली तुमी जित्ते हायसा का न्हाई ते बी दोन म्हैनं कळलं न्हवतं. मी कुटं गेले न्हाई. मी काय भंडारा उचालून ऱ्हायले हुते व्हय?"

सुभेदार उठले, काहीतरी बोलायचं म्हणून ताठ उभे राहिले, मग पुन्हा बसले. गोजरबाईंनी आमचे कप गोळा केले. सुभेदारांचा कप अजून भरलेलाच होता, पण त्यांनी तोही उचलला आणि आत घेऊन गेल्या.