डावा कौल आणि वेशीवरची तार

देवदेवस्कीवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही फारसा नाही. भोरला सायकली दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. चाक फिरत नसेल तर कुठंतरी काहीतरी अडलेलं असतं, एवढंच मला कळतं. पण माझ्याच लग्नात जे घडलं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सासरवाडी विंझरजवळची – गावाचं नाव नको, अजून जाणं-येणं आहे. गावात वीज नुकतीच आलेली. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. सकाळी आमचं वऱ्हाड बैलगाड्यांतून वेशीवर पोचलं, तर विजेची तार तुटून रस्त्यात पडलेली, टोक चिखलात. पलीकडे सासरे, वाजंत्री आणि मांडव. अलीकडे मी, मुंडावळ्या बांधून.

गावात रात्रीपासून लाइट नव्हती. म्हणजे तारेत काही नाही, असा माझा सरळ हिशेब. नवरदेवाच्या हातात कट्यार असतेच... म्हटलं, हिनंच सारतो बाजूला.

"जावईबापू, थांबा," सासरे पलीकडून म्हणाले. "वायरमनला सांगावा धाडलाय. त्यो येस्तोवर कुणी फुडं व्हायचं न्हाई."

"अहो मामा, मुहूर्त टळेल."

"मग देवीला इचारा."

वेशीवरच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय नवरा गावात शिरत नाही, ही तिथली रीत. देऊळ तारेच्या अलीकडेच होतं. गाभाऱ्यात धोंडीबा गुरवांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांबा. लग्नाला डावी पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

डावी पडली.

गुरव चपापले. पुन्हा लावली, पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही तेच. मी चरफडत गाडीत जाऊन बसलो. तेवढ्यात वाऱ्यानं तार हलली, चिखल चरचरला आणि वाफ निघाली. माझ्या हातातली कट्यार गळून पडली. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

वायरमन आला. त्यानं आधी सगळ्यांना लांब हाकललं. "गावचा फ्यूज उडालाय म्हणून दिवं न्हाईत. ही तार मागनं जितीच हाय. लोखंड लावलं असतं तर नवरदेव, तुमी घोड्याऐवजी तिरडीवर गेला असता." मागून वीज बंद करून आल्यावरच त्यानं तारेला हात लावला. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं.

जेवणं झाल्यावर गुरवांनी मला बाजूला घेतलं. घामाघूम झाले होते.

"कुणाला बोलू नका. शुभकार्यात इघ्न नगं, म्हणून म्या डाव्या पाकळीला गूळ लावतो. ती पडतच न्हाई. आजबी तिन्ही येळा लावला हुता."

त्या दिवसापासून त्यांनी गूळ लावणं सोडलं, आणि गावातली निम्मी लग्नं अडायला लागली.

बायको म्हणते, देवीनं माझं कुंकू राखलं. मी म्हणतो, गूळ उन्हानं वितळला असेल. मग ती एवढंच विचारते, त्या गाभाऱ्यात ऊन येतं कुठून?