थांबा, मोजून सांगतो

"तुमच्या घरच्या जिन्याले पायऱ्या किती, भाऊ?"

नोकरी मागायला आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणाऱ्या शकूताई तायडे अमरावतीत एकट्याच असाव्यात. राजापेठेत त्यांचं यात्रा काढायचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन फोन आणि भिंतीवर बोधगया, राजगीर, कुशीनगर. मी छाती पुढे काढून ठोकून दिलं, "अठरा!" दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर ताई आमच्या जिन्यात उभ्या. "सोळा," त्या म्हणाल्या. "साफ खोटं बोलता तुमी. पन आवाज चांगला हाय. सोमवारपासून फोनवर बसा."

बसलो, तो वीस वर्षं उठलो नाही.

ताईंचा कशावरच विश्वास नव्हता. लॉजच्या फोटोंवर तर नाहीच. "फोटो काढनारा पायरीवरच उभा राह्यते, म्हनून पायरी दिसत नाही," हे त्यांचं ठाम मत. आपल्याच ऑफिसच्या सात पायऱ्या त्या रोज मोजून चढत. मी हसलो की म्हणत, "रातच्यानं एखादी वाढली असंन तं?"

आमचे यात्रेकरू साठीच्या पुढचे, गुडघे धरून चालणारे. म्हणून नवीन लॉज ठरवण्याआधी ताई फोन लावून पायऱ्या विचारत. जो लगेच आकडा सांगे, तो बाद. जो म्हणे, "थांबा, मोजून सांगतो," त्याच्याकडे माणसं बिनघोर पाठवत. "पायऱ्या जास्त असल्या तं खालची खोली मांगता येते गा. मानूस मोजाले उठला का नाही, ते पाहाचं."

मग मोबाइलमध्ये एआय आलं. भातकुलीचे इंगळे गुरुजी दरवर्षी बत्तीस जणांना घेऊन आमच्याकडे येत. त्या वर्षी ते पत्नीसह आले, हातात छापलेला कागद नाचवत. गाड्या, लॉज, जेवण, सगळं यंत्रानं आखून दिलेलं.

"ताई, औंदा आमचं आमी जाऊन राहिलो. तुमची गरजच नाही पडली!"

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. गुरुजी गेले की त्यांच्यामागे अख्खा तालुका जाणार आणि ऑफिसला कुलूप लागणार. ताई मात्र शांत. "कुशीनगरच्या लॉजले पायऱ्या किती, इचारा त्याले."

गुरुजींनी विचारलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: बारा, शिवाय लिफ्ट.

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुहा भाऊ हाय हा."

मग त्यांनी लॉजला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडचा म्हणाला, "रुकिए, गिनके बताता हूँ." चपलांची फटफट दूर गेली, परत आली. "अडतीस, बहनजी. लिफ्ट तो दिवाली से बंद है."

"काहून जी," गुरुजींच्या पत्नी गुडघा चोळत म्हणाल्या, "मले अडतीस पायऱ्या चढवून राहिले होते?"

गुरुजी मोबाइलवर खेकसले. त्यानं तत्काळ माफी मागितली आणि नवा आकडा दिला: सव्वीस.

ताई खूश! मला म्हणाल्या, "पाह्य, तुह्यापेक्षा सभ्य हाय. माफी तरी मांगते. तू मांगली कदी?"

गुरुजी राहिले. बाकीचे सगळेच काही राहिले नाहीत. फोन कमी वाजू लागले. ताईंचे स्वतःचे गुडघेही कुरकुरायला लागले, तेव्हा ऑफिस माझ्या हाती देऊन त्या अकोल्याला मुलीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "त्या यंत्राले ठेव कामाले. कागद लिहाले बरं हाय. फोनवर नको बसवू."

तिथूनही रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. तब्येत विचारली की, "एकदम झकास!" लेकही तेच सांगायची. गेल्या महिन्यात मी गमतीनं विचारलं, "ताई, तुमच्या लेकीच्या जिन्याले पायऱ्या किती?"

"चोवीस," त्या लगेच म्हणाल्या.

मी फोन ठेवला, शटर ओढलं आणि अकोल्याची बस पकडली. ताई मोजायला उठल्या नव्हत्या.

जिना मी मोजत चढलो. वर, खाटेवर ताई. सुजलेले पाय उशीवर. लेक खाली मान घालून म्हणाली, "महिना झाला. तुमाले सांगू नको म्हने."

मी खाटेच्या कडेला बसलो. "एकोणतीस हायेत, ताई. साफ खोटं बोलल्या तुमी."

त्यांनी माझा हात धरला आणि मिश्कील हसल्या.

"पन आवाज चांगला होता न?"