मी वाचून दाखवलेला लेख

गिरगावातल्या आमच्या चाळीत, आमच्या खोलीला लागूनच एक बाई राहायची. वय तिशीच्या आतलं, पण चेहऱ्यावरून चाळिशीची वाटायची. लहानपणी तिने एका पौराणिक बोलपटात देवाच्या बालरूपाचं काम केलं होतं. ते इतकं गाजलं की लोकांनी जाहिरातीतलं तिचं चित्र कापून काचेत बसवलं. समोरच्या मास्तरांच्या देवघरात ते होतं आणि रोज त्याला फूल वाहिलं जाई. तीच मुलगी मोठी होऊन गॅलरीतून बादली घेऊन निघाली की मास्तरीणबाई दार ओढून घेत.

कारण ती प्यायची. दारूबंदीचे दिवस होते. मागच्या गल्लीत हातभट्टीची मिळायची आणि चाळीतले दोन-चार पुरुषही तिथे जाऊन येत. त्यांच्याबद्दल लोक म्हणत, जरा घेतात. तिच्याबद्दल जे म्हणत ते मी इथे लिहिणार नाही.

माझ्या आईशी मात्र ती बोलायची. एकदा दुपारी आई तांदूळ निवडत होती आणि मी शेजारी अभ्यासाला बसले होते. तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दुधात ब्रँडी घालायचे, वहिनी. दिवसभर दिव्यांसमोर उभं राहून मी रडायला लागायची. रडलं की डोळे सुजतात, मग दुसऱ्या दिवशीचं काम बिघडतं. म्हणून ब्रँडी."

बोलपट कंपनीचा मालक मारायचा, तेही पोशाखाखाली झाकलं जाईल अशाच जागी. तिचे वडील बाहेर बाकावर बसलेले असत. पुढे ती मालकाच्या भावाबद्दल काही सांगू लागली, तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला पाणी आणायला पाठवलं. त्या वेळी नळाला पाणी नसे. तरी मी रिकामी कळशी घेऊन नळापाशी उभी राहिले. परत आले तेव्हा आईच्या मांडीवरचं सूप तसंच पडलं होतं आणि ती बाई शांतपणे अंबाडा घालत होती. आईने तिच्याकडून काय ऐकलं ते मला कधीच सांगितलं नाही. मोठी झाल्यावर मला विचारावं लागलं नाही.

ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं होती. चाळीतल्या बायका सत्याग्रहींसाठी भाकऱ्या थापत, मोर्च्यांना जात. आई तिलाही बरोबर घेऊन जाऊ लागली. एकदा चाळीच्या चौकातल्या सभेत ती गायली. तिच्या आवाजाला अजून धार होती. चाळीने टाळ्या वाजवल्या, अध्यक्षस्थानी बसलेल्या मास्तरांनीही वाजवल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मागच्या गल्लीत भरदुपारी पोलिसांची धाड पडली आणि इतरांबरोबर तिलाही गाडीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी ती सुटून आली. गॅलरीत माणसं दुतर्फा उभी राहिली होती, जणू पाहायला तिकीट काढलं होतं.

माझे वडील एका साप्ताहिकात मुद्रितशोधक होते. रविवारी ते प्रुफं घरी आणत. मी मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी प्रुफावरून नजर फिरवायची, अशी आमची पद्धत होती. त्या रविवारचं अक्षर मी लगेच ओळखलं. ते मास्तरांचं होतं. त्यांनीच मला वळणदार लिहायला शिकवलं होतं.

लेखात तिचं नाव नव्हतं, पण गिरगावात कुणालाही कळलं असतं. या बाईला देवाने सगळं दिलं आणि तिने त्याची माती केली, तिला यश पचवता आलं नाही, अशांना चळवळीच्या व्यासपीठावर चढू देणं हा लढ्याचा अपमान आहे, असं त्यात होतं. मी पंधरा वर्षांची होते. मी ते सगळं स्वच्छ, खणखणीत वाचलं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामांसकट. 'अधःपतन' या शब्दातला विसर्ग प्रुफात राहून गेला होता. तोही मीच पकडला आणि वडिलांनी मला शाबासकी दिली. त्या शाबासकीची मला आजही शिसारी येते.

आई चुलीपासून उठून आली. हे कुणाबद्दल आहे ते कळतंय ना, असं तिने वडिलांना विचारलं. ते म्हणाले, माझं काम अक्षरं पाहायचं, मजकूर नाही.

"मग एवढी अक्षरं घाला त्यात," आई म्हणाली. "सात वर्षांच्या पोरीला पहिला घोट कुणी पाजला? यश पचलं नाही म्हणे! ब्रँडी पचवायला लागली होती तिला."

वडिलांनी पेनाचं टोपण लावलं आणि प्रुफं बांधून ठेवली. गुरुवारी लेख छापून आला.

त्याआधीच, सोमवारी सकाळी, ती मला नळावर भेटली होती. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एकच, तीही लाकडी फळ्यांची. ती म्हणाली, "काल चांगलं वाचत होतीस." तिच्या आवाजात राग नव्हता. मी कळशी अर्धवट भरूनच पळाले.

लेख आल्यावर मास्तरांनी देवघरातलं चित्र काढलं. मग चार पुरुष तिच्या दाराशी गेले आणि यापुढे सभेला येऊ नका असं म्हणाले. तिने त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. "लेखात माझं वय नऊ लिहिलंय," ती म्हणाली. "मी सात वर्षांची होते. तेवढं दुरुस्त करायला सांगा." आणि दार लावून घेतलं.

आई त्याच पावली मास्तरांच्या दारात गेली आणि जे ऐकलं होतं त्यातलं सांगता येईल तेवढं सगळ्यांसमोर सांगितलं. मास्तर खाली बघत म्हणाले, त्या धंद्यातली लहान मुलंसुद्धा साधी नसतात, वहिनी. चाळीतला एकही माणूस त्यांना काही बोलला नाही. माझे वडीलही तिथेच उभे होते.

आईने विचारलं, "तुमची धाकटी किती वर्षांची?"

धाकटी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मास्तरीणबाईंनी तिला आत ओढलं. मास्तरांनी पुढेही कधी माफी मागितली नाही. राज्य झालं तेव्हा चौकातलं भाषण त्यांनीच केलं आणि पेढेही वाटले. आईने त्यांच्या हातचा पेढा घेतला नाही. मी घेतला आणि खाल्ला.

तोवर ती वडाळ्याला मावसबहिणीकडे निघून गेली होती. काही वर्षांनी परळच्या एका इस्पितळात मी भाच्याला बघायला गेले, तेव्हा मुलांच्या वॉर्डात ती आया म्हणून काम करताना दिसली. पिणं सोडलंय, मधे दोनदा पुन्हा लागलं होतं, असं तिने स्वतःहून सांगितलं. शेजारच्या खाटेजवळची एक बाई तिच्याकडे टक लावून पाहत होती. ती नवऱ्याला म्हणाली, ही तीच ना, दारूत वाया गेलेली, हिच्या हाती मुलं देतात?

मी त्या बाईला नको तितकं बोलले. माझा आवाज वॉर्डभर गेला. सात वर्षांच्या मुलीला दारू पाजणाऱ्यांना तुम्ही कधी काही विचारलंत का, असं मी ओरडून विचारत होते. ती बाई घाबरून मागे सरली. मला रडू फुटलं आणि रडू आल्याचाही राग आला.

आमच्या त्या शेजारणीने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या बाईच्या मुलाला उलटी झाली होती. तिने त्याचं तोंड पुसलं, सदरा बदलला, चादर ओढून घेतली. मग मला म्हणाली, "भेटीची वेळ संपली. जा आता घरी."